एकशे तीन

तिचा हवालदार नवरा दोन्ही सैन्यांच्या संयुक्त सरावाला आलेल्या फ्रेंच कॅप्टनशी, दोन वर्षं घोकलेल्या फ्रेंचमध्ये अडखळत बोलत होता.

“कॅप्टन विचारतोय, एवढी भाषा शिकलास, मग गेल्या वर्षी आमच्याकडे सरावाला का नाही आलास?” नवरा तिला हसत म्हणाला.

तो फ्रान्सला निघायच्या आदल्या दिवशी तिनेच फोन केला होता, “अहो, पोरीला एकशे तीन ताप आहे. जाऊ नका ना!” थर्मामीटर नव्व्याण्णव दाखवत होता. तिला भीती होती तिकडच्या बर्फाच्या कड्यांची. ती संधी पुन्हा आली नाही.

“मी त्याला म्हटलं, हिने वेळीच कळवलं. नाहीतर लेक इकडे तापाने फणफणलेली आणि मी तिकडे!”

कॅप्टनने टाचा जुळवून तिला सॅल्यूट ठोकला.

नवऱ्याने कोपराने ढोसलं, “अगं, निदान थँक्यू तरी म्हण!”