उत्तम क्षमा आणि टेकन

भरतेश आणि सद्दामची पंधरा वर्षांची दोस्ती मिरजेच्या एका गेमिंग कॅफेत एका वाक्यानं मोडली. "टेकन काय गड्या, डोळं झाकून बटनं बडवली तरी जिंकतंय माणूस. अवघड म्हंजे स्ट्रीट फायटर!" असं सद्दाम चारचौघांत बोलून गेला. टेकन या मारामारीच्या व्हिडिओ गेममधल्या एकेका गड्याचे शंभर-शंभर डाव तोंडपाठ करण्यात इंजिनिअरिंगची दोन वर्षं घालवलेल्या भरतेशला ते वर्मी लागलं. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद.

पर्युषण संपलं, जैनांचा क्षमावाणीचा दिवस उजाडला. भरतेशनं सकाळीच बस्तीच्या देवळात जाऊन दर्शन घेतलं, लहानथोरांची हात जोडून माफी मागितली आणि घरी येऊन मोबाईलमधल्या यच्चयावत नंबरांना 'उत्तम क्षमा' पाठवलं. त्यात गॅसवाला होता, दहावीत छडीनं फोडून काढणारे सर होते, गळ्यात विमा मारणारी बाईसुद्धा होती. सद्दाम तेवढा नव्हता.

आणि नेमका सद्दामचाच मेसेज आला. "उत्तम क्षमा, गड्या. काय चुकलं असंल तर माफ कर."

तो वाचून शेजारी बसलेल्या आईचे, गुणमालाबाईंचे, डोळे भरून आले. त्या लेकाला म्हणाल्या, "बघ, त्यो पोरगा आपला दिस ध्यानात ठेवतोय. तू कवा माफ करणार रं त्याला?"

भरतेशनं मोबाईल पालथा ठेवला.



"आई, चौऱ्याऐंशी लाख योनीतल्या समद्या जीवांना माफ केलंय मी. पण टेकनला सोपं म्हणणारा कुठल्या योनीत येतो, ते आधी बघाय पायजे."