टेकडीवरची पाच मिनिटं

अभयारण्यात माणसांना बंदी होऊन नऊ वर्षं झाली होती. गस्त आता चार पायांचं यंत्र घालत असे. वनरक्षक दसरू कोडापे यांनी मरण्याआधी वर्षभर त्याला सोबत हिंडवून सगळ्या वाटा शिकवल्या होत्या. त्यांची बायको सुगंधाबाई जंगलाच्या काठावरच्या घरात बसून रोज यंत्राच्या कॅमेऱ्यातून मोबाइलवर ती गस्त पाहत असे.

एके सकाळी वनखात्यातून निशाचा फोन आला.

"मावशी, ते यंत्र रोज अकराला टेकडीवर थांबून तुमच्या घराकडे बघत राहतं. पाच मिनिटांनी पुढे निघतं. शोधतं तरी काय? उगाच वेळ जातो. ते थांबणं काढून टाकू का?"

"आजच्या दिवस राहू दे, पोरी."

सुगंधाबाईंनी पेटी उघडली. पूर्वी स्वयंपाक झाला की त्या कुंपणावर पिवळं लुगडं टाकायच्या. टेकडीवरून ते दिसलं की दसरू जेवायला यायचे.

त्यांनी भाकरी थापल्या, अकराच्या आत लुगडं कुंपणावर पसरलं आणि मोबाइल हातात घेतला. पडद्यावर लांब त्यांचंच घर होतं, कुंपणावर पिवळा ठिपका.

मग यंत्र नेहमीची वाट सोडून उतरू लागलं, आणि पडद्यावरचं घर मोठं मोठं होत गेलं.