वेस्टर्नमध्ये शिंगरू नसतं

"कट! कट! परत वळली ही घोडी!"

दीपकनं कपाळावर हात मारला. क्षितिजाकडे निघालेला एकटा वीर पुन्हा एकदा टेम्पोपाशी येऊन थांबला होता. वीर म्हणजे दीपकचा मित्र नवनाथ. डोक्यावर गोव्याच्या सहलीत घेतलेली हॅट, कमरेला दिवाळीतलं टिकल्यांचं पिस्तूल, आणि दोन्ही मुठींत घोडीची आयाळ. घोड्यावर बसायचा त्याचा आजवरचा अनुभव म्हणजे स्वतःच्या लग्नाची वरात.

दीपक मराठीतला वेस्टर्न, म्हणजे काउबॉयचा सिनेमा, काढत होता. त्याला आधी ओसाड जमीन लागते म्हणे. निफाडला जाऊन बघितलं, तर कॅमेरा फिरवावा तिकडे द्राक्षबागा. मग सिन्नरच्या बाजूला हा माळ सापडला. मोबाईलचा टॉवर इथेही होताच, पण तो एडिटिंगमध्ये उडणार होता.

माळावर प्लायवूडचं एक दार उभं केलं होतं. दाराला घर नव्हतं. त्या दारात लुगडं नेसून दीपकची बायको स्नेहा उभी होती. कॉलेजात असताना एकांकिकेत अभिनयाची बक्षिसं घेणारी हीच. इथे तिला एकही वाक्य नव्हतं. "वेस्टर्नमधली बाई बोलत नाही," दीपकनं समजावलं होतं, "ती दारातून जाणाऱ्याकडे बघते."

"आणि जाणारा जेवतो कुठे?" तिनं विचारलं होतं. त्यावर तो नुसता हसला होता.

तिच्या कमरेला खोचलेला फोन वाजला. सासूबाई.

"अगं, स्वराज बाटली तोंडात धरत नाहीये. रडून रडून लाल झालाय. किती वेळ अजून?"

मागून येणारं ते रडणं कानात शिरलं आणि स्नेहाची चोळी ओली झाली. तिनं पदर पुढे ओढला.

"दीपक, मी निघते. बाळ उपाशी आहे."

"फक्त हा शॉट झाला की निघ ना, राणी." सकाळपासून तो हेच म्हणत होता.

घोडीचा मालक सोमनाथ पंचवटीहून आला होता. तो पुढे झाला. "साहेब, पाजल्याबिगर ती नाय जायची पुढं. शिंगराला सोडू का टेम्पोतून?"

"सोमनाथभाऊ, वेस्टर्नमध्ये शिंगरू नसतं!" दीपकचा आवाज चढला. "हीरोच्या मागं कोणी नसतं. त्याच्या घोड्याच्याही मागं कोणी नसतं. अहो, हाच तर सगळा गाभा आहे!"

"मग घोडा आणायचा व्हता. ही लेकुरवाळी हाय."

"शॉट झाल्यावर पाजू."

टेम्पोतून बारीक खिंकाळणं आलं. घोडीनं मान वळवली. तिच्या पोटाखालून दुधाचा एक थेंब टपकला, मग दुसरा. मातीत पडलेल्या त्या थेंबांकडे स्नेहा बघत राहिली.

"दीपक, घोडी धावली की मी सुटले?"

"घोडी धावू दे, मग कुठंही जा!"

"दारात बाई नसली तरी?"

"तुझे क्लोजअप नंतर घेऊ. पण ही धावणार कशी?"

स्नेहानं टेम्पोचा मागचा फाळका पाडला, शिंगराची दोरी धरली आणि ती टेकाड चढू लागली. खाली सोमनाथनं घोडीचा लगाम आवळून धरला. शिंगरू स्नेहाच्या पदराला तोंडानं ढुसण्या देत चाललं होतं.

"नाही रे राजा, ते दुसऱ्याचं आहे," ती म्हणाली.

टेकाडापलीकडे डांबरी रस्ता होता. तिची स्कूटी तिथेच, फ्रेमबाहेर लपवून ठेवलेली. तिनं दोरी बाभळीला बांधली. शिंगरानं मान वर केली आणि माळ दणाणेल असं खिंकाळलं.

पलीकडून टापांचा आवाज आला. पाठोपाठ दीपकचाही, आनंदानं फाटलेला. "वा! अशी पाहिजे! बघा, मागे वळूनसुद्धा बघत नाही! कुठलं घर, कुठलं दार! कोण थांबवणार याला?"

घोडी टेकाडावरून उधळत आली आणि बाभळीपाशी गपकन थांबली. शिंगरू पोटाखाली शिरलं. नवनाथची हॅट केव्हाच उडाली होती. तो घोडीच्या मानेला मिठी मारून बसला होता, डोळे मिटून. लुचण्याचा आवाज ऐकून त्यानं डोळे उघडले.

"वहिनी, हिला धरा हो! उतरतो मी!"

त्यानं पाय हलवला तशी घोडीनं कान मागे टाकले आणि मागचा खूर आपटला. नवनाथनं पाय जागच्या जागी ठेवला.

स्नेहानं लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलं आणि स्कूटी चालू केली.

"गपचूप बसा, भाऊजी. तिचं पाजून होईपर्यंत हीरोनं हलायचं नसतं."