बांधावरचा बिबट्या

मोनालीनं आजोबांना, म्हणजे कडुबांना, पासष्टाव्या वर्षी अक्षरं शिकवली आणि त्यांच्या फोनवर एक ॲप टाकून दिलं. दिसलेला पक्षी-प्राणी त्यात लिहिला की नकाशावर सगळ्यांना दिसायचा. फोटो नसला तरी चालायचं. तितर, मुंगूस, घोरपड, कडुबांनी जे पाहिलं तेच लिहिलं.

पण बांधावरची सीताफळं पिकायला आली आणि पाणंदीनं जाणारे-येणारे पिशव्या भरून न्यायला लागले. तेव्हा कडुबांनी ॲपमध्ये लिहिलं, "बिबट्या. आमचा बांध, पाणंदीच्या कडेला. सोबत दोन पिल्लं." दुपारपर्यंत ती नोंद गावातल्या सगळ्या फोनांवर फिरली. पाणंद ओस पडली. कडुबा मनातल्या मनात हसले.

सोमवारी मोनाली कॉलेजला निघाली, तर वडील दारात आडवे आले. वैजापूरची बस धरायला ती पाणंद एवढीच वाट होती.

"मला वाळूजच्या कंपनीत शिफ्ट हाय. तुला सोडायला कोण येणार? कॉलेज बंद. बिबट्या गेल्यावर बघू."

"पप्पा, बारावीचं वर्ष हाय," एवढंच ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले.

कडुबांची मान खाली गेली. ते कसंबसं बोलले, "जाऊ दे रे पोरीला, संघपाल. बिबट्या-फिबट्या काय नाय तिथं."

मोनालीनं खांद्यावरची सॅक काढून खाली ठेवली.



"आबा, माझ्यासाठी खोटं नका बोलू. तुम्ही स्वतः लिहिलंय, म्हणजे असणारच."