नाताळगीतांच्या मागे

शेफील्डच्या पोरांच्या बँडचा दुसरा अल्बम देशभर पहिल्या क्रमांकावर होता, पण डेरिकच्या दुकानात तो रोज दुपारी नाताळगीतांच्या मागे सापडायचा. जून महिन्यात नाताळगीतांकडे चिटपाखरूही फिरकत नाही. सकाळी दर्शनी फळीवर मांडलेल्या सीडींची चळत आपल्या पायांनी तर जात नसेल! शेवटी कुतूहल अनावर होऊन डेरिक जॅझच्या कपाटाआड दबा धरून बसला. तिथंही गिऱ्हाइकाचा त्रास नव्हताच. आल्या त्या मॉरीनबाई. बँडमध्ये त्यांचा मुलगा ड्रम्स वाजवायचा. दुसऱ्या अल्बमच्या तोंडावर मित्रांनीच त्याला काढून टाकलं होतं. बाईंनी इकडंतिकडं पाहून चळत उचलली. "मॉरीनबाई, तुम्ही?" डेरिक उठला. "अहो, दुकान बुडवाल माझं!" बाई दचकल्या, पण चळत सोडली नाही. "पहिला अल्बम आला तेव्हा रोज येऊन तो मागच्या फळीवरून पुढं आणून ठेवायचे मी," त्या म्हणाल्या. "तेव्हा नाही अडवलंस?"