पलंगामागची रांग

टेक पहिला.

"पलंगामागची रांग विझवा," कॅमेरामन म्हणाला. "राणी झोपायला आलीय की मेणबत्त्या विकायला?"

सगळा सेट हसला. दिग्दर्शक सोडून.

"काका, महाल आहे तो."

"महालातही मेण जपूनच जाळत असतील रे. तुझ्या सिनेमात गोठ्यातली गायसुद्धा झुंबराखाली रवंथ करते."

पुन्हा हशा. म्हाताऱ्या कॅमेरामनची लेक त्याची मदतनीस होती. ती त्याच्या कानाशी वाकून काहीतरी पुटपुटली. रोजच पुटपुटायची. उजेड मोजायचं मीटरही तीच वाचून दाखवायची. बापाला चष्म्याचा कंटाळा.

"आणि आरशापुढे दोन वाढवल्यास तू," कॅमेऱ्याला लावलेला डोळा न काढता तो म्हणाला. "कळतं मला."

दिग्दर्शकाने कानाला हात लावला. त्या दोन त्याने आत्ताच, गुपचूप ठेवल्या होत्या.

कट.

जेवणाच्या सुट्टीत निर्मातीने त्याला बाजूला घेतलं.

"तुमचे काका थकलेत. जिन्यावर चाचपडतात म्हणे. उद्या दुसरा माणूस देते."

"चाचपडणारा माणूस दोन जादा वाती हेरतो?"

"लोक बोलतात ते सांगितलं."

"लोकांचं काय जातं! कॅमेरा धरायला त्यांनी शिकवलं मला. ते गेले, की मीही गेलो. सिनेमा तुम्हीच पुरा करा."

"ठीक," ती म्हणाली. "संध्याकाळी मी स्वतः समोर बसते. मला खोट दिसली, तर दोघांनीही सामान बांधायचं."

दिग्दर्शक निवांत झाला. काकांची नजर तिला दिसेलच. आणि जादा मेणबत्त्यांवरून सिनेमाभर म्हातारा ओरडत होता ते खरंच होतं, हेही त्याला पटलं होतं.

त्याने दिवेवाल्याला बोलावलं. "सगळ्या काढ. राणीच्या उशाशी एक राहू दे."

"एकच? ताप-बिप आलाय का तुम्हाला?"

"एकच. काकांना सांगायचं नाही कुणी. चेहरा बघायचाय मला त्यांचा."

टेक शेवटचा.

लेक दुसरी लेन्स आणायला गोदामात गेली होती. निर्माती खुर्ची ओढून बसली. खिडकीबाहेर चांदण्यासाठी मोठा दिवा जळत होता. आत, उशाशी, एकच ज्योत.

म्हातारा खुर्चीच्या पाठीवरून हात फिरवत बसला. कॅमेऱ्याला डोळा लावला. बराच वेळ पाहत राहिला. दिग्दर्शक ओठ दाबून उभा.

मग म्हातारा हसला.

"बरं बाबा, जिंकलास तू," तो मायेने म्हणाला. "आजचा शेवटचा टेक आहे, होऊ दे तुझी हौस. पलंगामागची रांग तेवढी विझवा. बाकीच्या राहू द्या सगळ्या."