छत्तिसाचा वर्ग, अधिक एक

दगड तयार होऊन टेबलावर पडला होता. हातभर लांब, हातभर रुंद. त्यावर मुलाचे नाव, इतरांच्याच मापाच्या अक्षरांत. आईने त्यावरून बोट फिरवले आणि विचारले, "मग? बसवत का नाही?"

वास्तुकाराने नकाशा तिच्यापुढे सरकवला. बोट बुडाली त्यात बाराशे शहाण्णव माणसे गेली होती. धक्क्यावरच्या स्मारकाच्या भिंतीत छत्तीस ओळी, प्रत्येक ओळीत छत्तीस दगड; चौरस काठोकाठ भरलेला. नातेवाइकांनी सभेत ठरवून दिले होते, कोणाचे नाव वेगळे पडता कामा नये आणि एकही दगड कोरा राहता कामा नये. त्या सभेत पहिला हात आईनेच वर केला होता. तेव्हा तिचा मुलगा इस्पितळात होता, जिवंत.

"आता बाराशे सत्त्याण्णव झाले, काकू."

"ते मला ठाऊक आहे. ओळी बदला. तिसांच्या करा, चाळिसांच्या करा. इतके शिकलात, आणि एका पोराला जागा करता येईना?"

"तिसांच्या केल्या तर सात उरतात. चाळिसांच्या केल्या तर सतरा. आधीचा आकडा गुणी होता, हवा तसा वळायचा. हा कशानंच भागला जात नाही. मूळ संख्या आहे ही."

"म्हणजे मार्गच नाही?"

"एक आहे. सगळे एकाच ओळीत." तो ओशाळून हसला. "धक्का संपेल, काकू, आणि भिंत उरेल."

आई हसली नाही. तिने दगड स्वतःकडे ओढून घेतला. "आणि खाली, एकट्याचा लावला तर?"

"तसा लावायचा नाही, असं तुम्हीच ठरवलंत."

त्याने नकाशाच्या कोपऱ्यात पुन्हा आकडे मांडले, खोडले, पुन्हा मांडले. "अजून एक असता, तर नेमक्या बावीस ओळी झाल्या असत्या. एकोणसाठांच्या." बोलून गेल्यावर आपण काय म्हणालो ते त्याच्या ध्यानात आले. त्याने पेन्सिल खाली ठेवली.

इस्पितळात मुलाच्या शेजारच्या खाटेवर त्याच बोटीतली एक मुलगी होती. मुलगा गेला तेव्हाही ती बेशुद्धच होती. दोघांच्या आया एकाच डब्यातून जेवत. आई अजूनही रोज तिकडे जात असे.

"काकू, मला तसं म्हणायचं नव्हतं."

"हिशेबानं तुमचं बरोबरच आहे." आईचा हात दगडावरून हलला नाही. "पण त्या शेजारच्या मुलीनं काल डोळे उघडले. पाणी मागितलं. तिची आई डॉक्टरांना बोलवायला धावली, म्हणून मीच पाजलं."